वळवाच्या सरीला न भुलणारे बी

भुसार मालाच्या बाजारात वावरलेल्या माणसाला उपट्या भुईमुगाचा एक दोष चांगला ठाऊक असतो. काढणीच्या ऐन दिवसांत पाऊस झाला की जमिनीतल्या शेंगेतच दाण्याला कोंब फुटतो आणि माल हलका होतो. पसऱ्या भुईमुगाचे तसे होत नाही. त्याचा दाणा पक्व झाल्यावरही काही आठवडे ओलाव्याला दाद देत नाही. तो जिवंत असतो, निरोगी असतो, परंतु उगवत नाही. वनस्पतिशास्त्रात या स्थितीला बीजाची सुप्तावस्था म्हणतात. उपट्या वाणातही दोन-तीन आठवड्यांची सुप्तावस्था आणावी यासाठी कृषिशास्त्रज्ञ प्रयत्न करीत आले आहेत. वेळ आल्यावाचून न उगवणे हा बियाण्याचा गुण ठरू शकतो, तो असा.

निवडुंगाचे बी पेरणाऱ्या हौशी माणसाची पहिली परीक्षा हीच सुप्तावस्था घेते. पुडीतले बी मेथीसारखे मातीत दाबले जाते, वर भरपूर पाणी घातले जाते, आठ-पंधरा दिवस वाट पाहिली जाते आणि मग ‘बी खोटे निघाले’ असा निवाडा देऊन कुंडी रिकामी केली जाते. पुष्कळदा त्या कुंडीतले बी खोटे नसते. उगवण्यासाठी त्याला जी खात्री हवी होती ती मिळालेली नसते, इतकेच.

येथे तीन स्थिती वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. पहिली मृत बीजाची. त्यात जीव उरलेला नसतो आणि कोणताही उपाय चालत नाही. दुसरी निवांत बीजाची. डब्यातला मूग तसा असतो, पाणी मिळताच तो जागा होतो. तिसरी सुप्त बीजाची. त्याला पाणी मिळाले तरी ते जागे होत नाही, कारण पाण्याखेरीज आणखी काही अटी त्याच्या ठायी बांधलेल्या असतात. कधी ती अट प्रकाशाची असते, कधी थंडीची, कधी कवच झिजण्याची, तर कधी केवळ काही महिने लोटण्याची. सुप्तावस्था मोडणे म्हणजे यांपैकी कोणती अट अपुरी आहे हे ओळखून ती पूर्ण करणे.

बीजाच्या आयुष्याचा प्रश्न जैन परंपरेला नवा नाही. श्वेतांबर आगमांतील भगवतीसूत्राच्या सहाव्या शतकात गौतमस्वामी भगवान महावीरांना विचारतात, की कोठारात झाकून, लिंपून, मुद्रा करून ठेवलेल्या धान्याची योनी, म्हणजे उगवण्याची शक्ती, किती काळ टिकते. उत्तरात धान्यांचे तीन गट येतात. साळ, गहू, जव यांसारख्यांची योनी जास्तीत जास्त तीन वर्षे, मसूर, तीळ, मूग, उडीद यांसारख्यांची पाच वर्षे आणि जवस, करडई, कोद्रव, मोहरी यांसारख्यांची सात वर्षे टिकते. त्यानंतर ती म्लान होते आणि बीज अबीज होते. आजच्या प्रयोगशाळांतील आकडे साठवणुकीतील उष्णता व दमटपणा यांप्रमाणे बदलतात. म्हणून ही दोन मोजमापे एकमेकांवर बसविण्याचे कारण नाही. तथापि कोरडे दिसणारे बी मुदतीवर जगत असते आणि ही मुदत प्रत्येक जातीची निराळी असते, ही जाण दोन्हीकडे सारखीच आहे. निवडुंगाचे बी विकत घेताना ते कोणत्या वर्षी धरले, हा प्रश्न म्हणूनच सर्वप्रथम विचारावा लागतो.

आता ज्याला निवडुंग म्हणावयाचे तो कोणता, हेही स्पष्ट केले पाहिजे. दख्खनच्या शेतांच्या कुंपणावर दिसणारा आणि मोडताच पांढरा चीक गाळणारा वई निवडुंग हा शास्त्राच्या दृष्टीने निवडुंग कुळातला नव्हे. तो शेर आणि पानचेटी यांचा भाऊबंद. हाताच्या पंजासारखे चपटे फडे असलेला फड्या निवडुंग मात्र खरा निवडुंग आहे, आणि तो मूळचा अमेरिका खंडातला. खऱ्या निवडुंगांचे जवळजवळ संपूर्ण कुळ त्याच खंडातले आहे. त्यामुळे त्याच्या बीजाचा स्वभाव समजून घ्यावयाचा तर तेथल्या वाळवंटाकडेच पाहावे लागते.

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात आणि मेक्सिकोच्या वायव्येस सोनोरा नावाचे वाळवंट पसरले आहे. सग्वारो हा खांबासारखा उंच वाढणारा निवडुंग येथला. त्याची फळे जूनमध्ये, उन्हाळी पावसाच्या तोंडावर पिकतात. एका फळात सुमारे २,००० बिया असतात आणि एक झाड आपल्या आयुष्यात कोट्यवधी बिया देते. पक्षी, वटवाघळे आणि मुंग्या त्यांतील बहुतेकांचा फडशा पाडतात. उरलेल्यांतील ज्या थोड्या बिया पालो व्हर्दे किंवा मेस्कीट अशा एखाद्या झाडाच्या सावलीत पडतात, त्यांनाच जगण्याची संधी मिळते. ते झाड कोवळ्या रोपाला दुपारच्या उन्हापासून आणि हिवाळ्याच्या कडाक्यापासून दाईसारखे जपते. तरीही पहिल्या आठ वर्षांत सग्वारोचे रोप जेमतेम अडीच ते चार सेंटिमीटर वाढते आणि पहिले फूल येण्यास साधारण ३५ वर्षे लागतात.

सग्वारोच्या बीजाची मुख्य अट प्रकाशाची आहे. स्टॅन्ली अल्कॉर्न आणि एडविन कुर्ट्झ या शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे बी अंधारात रुजत नाही, उजेडाचा स्पर्श त्याला लागतो, असे दाखविले. त्याच्या सात वर्षे आधी, १९५२ मध्ये, अमेरिकेतील बेल्ट्सव्हिल येथे लेट्यूसच्या बियांवर प्रयोग करणाऱ्या संशोधकांना असे आढळले होते, की लाल प्रकाश बीजाला जागे करतो आणि त्याही पलीकडचा गडद लाल प्रकाश त्याला पुन्हा निजवितो. निवडुंगाच्या बहुतेक बारीक बिया याच वर्गात मोडतात. कारण सोपे आहे. मोहरीहूनही लहान दाण्याच्या पोटात शिदोरी कितीशी असणार? खोल मातीत अंकुर फुटला तर पृष्ठभागावर पोहोचण्यापूर्वीच ती संपून जाईल. उजेड दिसला याचा अर्थ वर मोकळे आकाश आहे आणि अंतर थोडे आहे. हौशी माणूस बी मातीत दाबतो तेव्हा नेमकी हीच खूण त्याच्यापासून हिरावून घेतो.

फड्या निवडुंगाची रीत वेगळी आहे. त्याचे बी आकाराने मोठे, चपटे आणि हाडासारख्या टणक वेष्टनात बंद असते. पाणी या वेष्टनातून आत शिरू शकते. अडचण असते ती आतल्या कोवळ्या मुळाला ते फोडून बाहेर येण्याची. मेक्सिकोतील सान लुईस पोतोसी येथल्या संशोधकांनी तिकडच्या एका फड्या निवडुंगावर केलेल्या अभ्यासात असे दिसले, की जमिनीतील काही बुरशी हे वेष्टन हळूहळू कमकुवत करतात आणि त्यानंतर बी रुजणे सोपे जाते. ताज्या बीपेक्षा काही काळ ठेवलेले बी अधिक चांगले रुजते, हेही तेथे आढळले. जुन्या तांदळाचे मोल जाणणाऱ्या दुकानदाराला यात नवल वाटू नये. आपल्याला जे कुजणे वाटते, ते या बीजाच्या दृष्टीने दार उघडणे असते.

एकाच फळातल्या सगळ्या बियांचे कवच एकाच वेळी झिजत नाही. काही पहिल्या वर्षी रुजतात, काही दुसऱ्या, तर काही त्याहूनही पुढे. व्यापारी घराण्यांत सगळे भांडवल एकाच खेपेत न गुंतविण्याची जी शिकवण दिली जाते, तीच येथे दिसते. इस्रायली शास्त्रज्ञ डॅन कोहेन यांनी १९६६ मध्ये हा विचार गणिताने मांडला. जेथे पाऊस बेभरवशाचा आणि पीक पूर्ण बुडण्याची वर्षे वारंवार येणारी, तेथे दरवर्षी बियांचा थोडाच वाटा उगवावा आणि बाकीचा मातीत शिल्लक राहावा, यातच त्या वंशाचा दीर्घकाळचा नफा आहे, असे त्यांच्या हिशेबाचे सार. वाळवंटात वळवाची एखादी सर येते, माती भिजते आणि दुसऱ्या दिवशी ऊन पुन्हा तापते. त्या सरीला भुलून सगळ्याच बिया उगवल्या, तर आठवड्याभरात वंशच संपेल.

मग ही अर्धवट ओल वाया जाते काय? मेक्सिकोत काम करणाऱ्या जोसेफ दुब्रोव्स्की यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेले निष्कर्ष येथे महत्त्वाचे आहेत. सोनोरातील काही निवडुंगांच्या बिया त्यांनी थोडा काळ भिजविल्या, अंकुर फुटण्यापूर्वी वाळविल्या आणि नंतर पुन्हा भिजविल्या. अशा बिया, एकदाही न भिजलेल्या बियांपेक्षा, लवकर रुजल्या. पहिल्या ओलीत जी तयारी झाली होती ती वाळल्यावर पुसली गेली नाही; बीजाने ती जणू जमेस धरून ठेवली. या गुणाला त्यांनी बीजाची जलस्मृती म्हटले. महिनाभर न उगवलेली कुंडी फेकून देण्यापूर्वी हे ध्यानात घेतलेले बरे.

आणखी एक वर्ग थंडीची अट घालणाऱ्यांचा. अमेरिकेच्या कोलोरॅडो पठारावर हिवाळ्यात बर्फ पडते. तेथील स्क्लेरोकॅक्टस आणि पेडिओकॅक्टस यांचे बी शरद ऋतूत रुजले, तर रोप हिवाळ्यात गोठून जाईल. म्हणून ओलसर थंडीचे काही आठवडे सोसल्याशिवाय ते सहसा जागे होत नाही. हे बी पेरणारे लोक ते ओल्या वाळूत मिसळून शीतकपाटात ठेवतात किंवा हिवाळाभर उघड्यावर राहू देतात. नाशिक आणि सांगलीचे द्राक्षबागायतदार ज्याला ‘जीए’ म्हणतात, ते जिब्रेलिक आम्लही अशा बियांवर वापरले जाते. भाताच्या एका रोगाचा शोध घेताना जपानच्या एइची कुरोसावा यांनी १९२६ मध्ये याच्या परिणामाचा पहिला माग काढला होता. परंतु निवडुंगाच्या सर्व जातींवर त्याचा परिणाम सारखा दिसत नाही. घरगुती पेरणीसाठी त्याच्या वाटेला जाण्याची गरज नसते.

प्रथमच पेरणी करणाऱ्याने सोप्या जातीपासून आरंभ करावा. ज्या फळाला गुजरात सरकारने २०२१ मध्ये ‘कमलम्’ हे नाव दिले, ते ड्रॅगन फळ निवडुंगाचेच आहे आणि सांगली-सोलापूरच्या कमी पावसाच्या पट्ट्यात त्याची लागवड होते. शेतकरी त्याच्या फांद्यांचे तुकडे लावतात, कारण बियांपासून वाढविलेल्या वेलाला फळ येण्यास वर्षे लागतात. बी कसे रुजते हे पाहण्यासाठी मात्र त्याच्यासारखा गुरू नाही. चमचाभर गर चहाच्या गाळणीत घेऊन वाहत्या पाण्याखाली चोळावा. गराचा अंशही मागे ठेवू नये, कारण बुरशीचे मूळ तेथेच असते. काळ्या बिया कागदावर सावलीत वाळवाव्यात. या बिया साधारणतः एक ते दोन आठवड्यांत रुजतात. त्यानंतर ॲस्ट्रोफायटम, मॅमिलेरिया, जिम्नोकॅलिशियम या जातींकडे वळावे. पहिली तर पुष्कळदा तीन-चार दिवसांतच जागी होते.

पेरणीसाठी मिठाईचा पारदर्शक झाकणाचा डबा पुरेसा आहे. त्याच्या तळाला भोके पाडावीत. बागेतली माती किंवा शेणखत यात घालू नये. त्यांत असंख्य सूक्ष्म जीव असतात. बंद ओलसर डब्यात बुरशी वाढते आणि कोवळी रोपे बुडाशी कुजून आडवी होतात. काही ठिकाणी माती उकळत्या वाफेवर धरण्याचा सल्ला दिला जातो. ज्या घरांना ते रुचणार नाही त्यांच्यासाठी दुसरा मार्ग आहे. पर्लाइट आणि व्हर्मिक्युलाइट ही खनिजे कारखान्यात प्रखर उष्णतेने फुलवूनच तयार केलेली असतात. त्यांत धुऊन वाळविलेली जाड वाळू मिसळली की सेंद्रिय अंश नसलेले स्वच्छ मिश्रण मिळते. बीजाला आरंभी खताची गरज नसते. त्याची शिदोरी त्याच्याजवळ असते.

डबा पाण्याच्या ताटलीत ठेवून मिश्रण खालून भिजू द्यावे आणि जादा पाणी निथळू द्यावे. बारीक बी पृष्ठभागावर नुसते पसरावे, वर मिश्रण घालू नये. झाकण लावून डबा पूर्वेच्या खिडकीजवळ, थेट ऊन पडणार नाही पण भरपूर उजेड मिळेल अशा जागी ठेवावा. दाई-झाडाची विरळ सावली येथे आठवावी. बंद डब्यावर थेट ऊन आले तर आतली उष्णता झपाट्याने वाढते आणि रोपे भाजतात. बहुतेक जातींना २० ते ३० अंश सेल्सियस तापमान मानवते. महाराष्ट्रात माघ-फाल्गुनाचे दिवस त्यासाठी चांगले असतात.

फड्या निवडुंगाच्या टणक बीसाठी एक जादा पायरी आहे. बीची कड पॉलिश पेपरवर हलकेच घासावी, आतला पांढरा भाग उघडा पडण्याच्या आत थांबावे आणि मग ते एक-दोन दिवस पाण्यात भिजवावे. हे पाणी दररोज बदलावे. हाच उपाय मॅमिलेरियासारख्या पातळ सालीच्या बीवर केल्यास ते नष्टच होते. अट ओळखल्यावाचून उपाय करणे हे निदानावाचून औषध देण्यासारखे आहे. प्रयोगशाळांत कवच झिजविण्यासाठी तीव्र गंधकाम्लही वापरतात. घरात त्याला स्थान नाही.

अंकुर फुटल्यावर प्रथम हिरव्या मण्यासारखे गोलसर रोप दिसते आणि काही आठवड्यांत त्याच्या माथ्यावर मऊ, केसांसारखे काटे येतात. तीन-चार आठवड्यांनंतर झाकण रोज थोडे अधिक वेळ उघडे ठेवून रोपांना बाहेरच्या हवेची सवय लावावी. एकदम उघडलेला डबा आणि रोजचे वरून घातलेले पाणी, या दोन गोष्टींनी रुजण्याचे सगळे श्रम वाया जातात.

व्यापारी घरात जमाखर्चाची शिस्त असतेच; तिचा उपयोग येथे करावा. वहीच्या एका पानावर जातीचे नाव, बी कोणत्या वर्षाचे, कोठून आणले, किती पेरले आणि सातव्या, चौदाव्या व तिसाव्या दिवशी किती रुजले, एवढे लिहावे. पुडीतले सगळे बी एकदम पेरू नये; निम्मे कोरड्या, हवाबंद बाटलीत थंड जागी ठेवावे. महिन्याभरात काही न उगवल्यास डबा दोन आठवडे पूर्ण कोरडा होऊ द्यावा आणि पुन्हा भिजवावा. दोन-तीन वर्षांच्या अशा नोंदी झाल्या, की कोणती जात कोणती अट घालते हे घरच्याच वहीतून कळू लागते.

या धीराला कुंडीपलीकडचाही एक अर्थ आहे. निवडुंग कुळाच्या १,४७८ जातींचा जागतिक आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील ३१ टक्के जाती नष्ट होण्याच्या धोक्यात आढळल्या. धोक्यातल्या जातींपैकी जवळजवळ निम्म्या, म्हणजे ४७ टक्के जातींना, शोभेच्या बागा आणि खासगी संग्रह यांसाठी होणाऱ्या रोपांच्या व बियांच्या व्यापाराची झळ बसत होती. २०२० मध्ये इटलीत एका छाप्यात हजाराहून अधिक दुर्मिळ निवडुंग जप्त झाले. त्यांतले पुष्कळ चिलीच्या अटाकामा वाळवंटातून उपटून आणलेले कोपियापोआ जातीचे होते. आठशेहून अधिक पुढच्या वर्षी चिलीला परत पाठविण्यात आले. या चोरीमागचे कारण समजण्यास कठीण नाही. बीपासून तळहाताएवढा निवडुंग वाढविण्यास अनेक वर्षे लागतात. डोंगरावरून उपटण्यास काही मिनिटे पुरतात. ग्राहकाला घाई झाली, की माल कोठून आला हे विचारणारा कोणी उरत नाही.

निवडुंग कुळातील बहुतेक सर्व जाती आज आंतरराष्ट्रीय व्यापारावरील साइट्स कराराच्या कक्षेत येतात, आणि परदेशातून बी किंवा रोप मागविताना भारताच्या वनस्पती संगरोध नियमांचे पालन करावे लागते. कायदा आहे म्हणून ते करावेच. शिवाय जो कुटुंबवत्सल गृहस्थ दुकानात मालाचा उगम पाहून खरेदी करतो, त्याने रोपवाटिकेतही तेच करावे. काट्यांवर ओरखडे, खोडाच्या बुंध्याशी राखाडी चट्टे आणि तोडलेली जाड मुळे असलेले मोठे रोप स्वस्तात मिळत असेल, तर ते कोठे वाढले हे विक्रेत्यास विचारावे. बीच्या पुडीवर जातीचे पूर्ण नाव, बी धरल्याचे वर्ष आणि ते लागवडीतल्या झाडाचे असल्याची नोंद असावी. या तीन गोष्टी जो देऊ शकत नाही, त्याच्याकडून पुडी घेऊ नये. बी काही महिने उशिरा मिळाले तरी बिघडत नाही. वाट पाहणे त्याला येते.